पोलिओचे डोस आणि सरकारवरचा भरवसा
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण, नोव्हेंबर १९९५)

साथींनो, बाया-माणसांनो,

जमिनीच्या बैठकीत आज पोलिओचं काय काढलं, असं दोघा-तिघांनी विचारलं. सांगतो. ९ डिसेंबरला आणि परत २० जानेवारीला सगळ्या देशात एकाच दिवशी तीन वर्षांखालच्या पोरांना पोलिओचे डोस पाजणार आहेत. तोंडात दोन थेंब. आणि आपल्या पाड्यांवर आत्तापासूनच बोलणं चाललंय की हे नसबंदीचं औषध आहे.

असं बोलणारी माणसं येडी नाहीत. १९७६ साली आणीबाणीत नसबंदीसाठी काय काय केलं ते म्हाताऱ्यांना विचारा. मास्तरापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना आकडा दिलेला, आणि आकडा भरायला गरीबच सापडला.

वर्षभर आपल्याकडे सरकार म्हणून कोण येतं? जंगलखात्याची जीप. उभ्या पिकात गुरं घालायला, नांगर उचलून न्यायला, दंडाची पावती फाडायला. जीपचा आवाज आला की पोरं आधी डोंगरात पळतात. मग त्याच वाटेनं दवाखान्याची जीप आली, तर तिच्यावर काय लिहिलंय ते वाचत थांबतील काय? उपकेंद्राला महिनोन् महिने कुलूप. आणि वर साहेब म्हणणार, आदिवासी अडाणी आहेत.

अडाण्यांचं सोडा, शिकलेल्यांचं बघा. मागच्या सप्टेंबरात, म्हणजे १९९४ ला, सुरतेत प्लेग आला. प्लेगवर टेट्रासायक्लिनची गोळी आहे, वेळेवर घेतली तर माणूस वाचतो. सरकार सांगत होतं, घाबरू नका. पण लाखो माणसं गाडीनं, ट्रकनं, मिळेल तसं पळाली. किती तरी खाजगी डॉक्टरच दवाखान्यांना कुलपं घालून निघून गेले! त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही.

शंभरेक वर्षांपूर्वी, १८९७ साली, पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबानं घराघरात गोरे सोल्जर घुसवले. त्या भीतीनं लोक आपला रोगी लपवायला लागले, आणि रोगी लपवला की रोग आणखी पसरतो. त्याच साली केलेला साथीचा कायदा अजून चालू आहे.

एवढं सगळं असूनही आम्ही सांगतो, डोस पाजा. देवीची टोचणी झाली तेव्हाही लोक घाबरून लपायचे. म्हाताऱ्यांच्या दंडावर वण आहेत, बघून घ्या. मे १९७५ नंतर देशात देवीचा एकही रोगी सापडला नाही. पोलिओचं किडं, म्हणजे विषाणू, पोटात वाढतो, विष्ठेतून पाण्यात जातो, पाण्यातून दुसऱ्या पोराच्या तोंडात. पाय एकदा लुळा पडला की बरा करणारं औषध नाही, ना दवाखान्यात, ना भगताकडे. नसबंदीचा त्यात काही संबंध नाही. शहरातले डॉक्टर आपल्या स्वतःच्या पोरांना हेच थेंब पाजतात.

पण डोळे झाकून नको. हा डोस बर्फात ठेवावा लागतो, ऊन लागलं की फुकट जातो. डबा उघडायला लावा, आत बर्फ आहे का ते बघा. बाई रागावली तरी बघा. आमचं म्हणणं असं, की डबा पाड्यावर आला पाहिजे. कडेवर पोर घेऊन बाजाराच्या गावी कुणी जाणार नाही. सोबत आपल्या बोलीत बोलणारं माणूस पाहिजे. आणि त्या दिवशी पोलीस नको, जंगलखात्याची जीप तर नकोच नको.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीनंतर निम्मा पाडा बारडोलीकडे गेलाय, लहान पोरं पडावावर आहेत. त्यांचं नाव इथल्या यादीत असून काय उपयोग? गुजरातेतही त्याच दिवशी डोस आहे. जो कोणी तिकडे जाईल त्यानं निरोप पोचवावा: ९ तारखेला शनिवार आहे, मुकादमाला सांगून आईला दोन तास सोडवून घ्या, खाडा धरू देऊ नका.

निवेदन लिहून शाळेच्या ओट्यावर ठेवलंय. सह्या-अंगठे आजच करा. मंगळवारी प्लॉटचे कागद आणि दंडाच्या पावत्या घेऊन तहसीलला जायचंच आहे, तेव्हा तेही देऊ आणि पोच घेऊन येऊ.

जिंदाबाद!