गर्भाशयमुखाची सूज आणि आपला संकोच

अंगावरून पांढरे जाते, संबंधानंतर रक्त दिसते, हे आपल्याकडे मुलगी अम्मीलाही सांगत नाही. गर्भाशयमुखाला सूज असेल तर जंतू ओळखून औषध देतात, ती उतरते. एच. पी. व्ही. या विषाणूवर मात्र गोळी नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो 2 वर्षांत आपोआप जातो. काहींच्यात तो ठाण मांडतो आणि पुढे कर्करोग होऊ शकतो. म्हणून सूज उतरली तरी वयाच्या 30 नंतर तपासणी कराच. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावले की बिघडलेल्या जागी पांढरा डाग उमटतो; तेवढा भाग बहुधा गोठवून नष्ट करता येतो. मुलींना 9 ते 14 या वयात लस द्या. आणि सासूबाई, विषाणू पतीकडूनही येतो. सुनेच्या चारित्र्याची चौकशी नको. संकोच वाटला तर स्त्री डॉक्टर मागा.