वकिलीचे प्रवेशद्वार आणि नोंदणी शुल्क

व्यवसायस्वातंत्र्याची चर्चा करताना व्यवसायात प्रवेश मिळविण्याच्या खर्चाकडे सहसा दुर्लक्ष होते. वकिली हे त्याचे बोलके उदाहरण होय.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ अन्वये नोंदणी शुल्क एकूण ७५० रुपये आहे. त्यापैकी ६०० रुपये राज्य विधिज्ञ परिषदेस, तर १५० रुपये भारतीय विधिज्ञ परिषदेस मिळतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ते १२५ रुपये आहे. प्रत्यक्षात मात्र ग्रंथालय, ओळखपत्र, कल्याण निधी अशा शीर्षांखाली अनेक राज्य परिषदा १५ ते ४२ हजार रुपये आकारीत असत. नुकत्याच पदवीधर झालेल्या, कमाई सुरू न झालेल्या गरीब उमेदवारास ही रक्कम म्हणजे बंद दारच.

‘गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणी ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरविली. संसदेने निश्चित केलेली मर्यादा परिषदांना नियमांद्वारे ओलांडता येत नाही. अशी आकारणी अनुच्छेद १४ व १९(१)(छ) यांचा भंग करते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निर्णय भविष्यलक्षी असल्याने पूर्वी घेतलेली जादा रक्कम परत करण्याचे बंधन नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ऐच्छिक’ शुल्काची पळवाटही न्यायालयाने बंद केली.

परिषदांची आर्थिक अडचण खोटी नाही. शुल्काची ही पातळी १९९३ च्या दुरुस्तीची आहे. परंतु ती बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. खर्च वाढला म्हणून त्याचा भार नवागतावर टाकल्यास न्यायव्यवस्थेचे दार सधनांपुरतेच उघडे राहील.