शहराच्या हद्दीतील शेतकरी आणि जमिनीची शाश्वती

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या माळी समाजाच्या पूर्वजांनी पुण्याच्या पेठांना फुले पुरविली, मंडईला भाजी पुरविली, आणि शहर जसजसे वाढले तसतसा आपला मळा शहराच्या पोटात आला. आज पुण्याच्या हद्दीत जी काही मेथी-कोथिंबीर पिकते, ती पिकविणाऱ्यास पावसाची चिंता थोडी व पायाखालची जमीन राहील की नाही याची चिंता अधिक आहे. त्याविषयी चार शब्द बोलण्यास आम्ही आपली अनुज्ञा घेतो.

प्रारंभ महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्यापासून करू. जोतीरावांचे वडील गोविंदराव व त्यांचे बंधू पेशव्यांना फुले पुरवीत. त्या सेवेबद्दल कुटुंबास ३५ एकर जमीन इनाम मिळाली, परंतु वडील बंधू राणोजी यांनी ती एकट्याच्या ताब्यात घेतली, असे चरित्रकार लिहितात. गोविंदरावांना भाजीचे दुकान मांडून संसार चालवावा लागला. कष्ट सर्वांचे, नाव मात्र एकाचे! जमीन घामाने पिकते, पण टिकते ती नोंदीने, हा बोध आपल्या समाजास घरातूनच मिळालेला आहे.

स्वातंत्र्यानंतर कसेल त्याची जमीन हे तत्त्व मान्य झाले. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात सुधारणा होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, व त्या दिवशी असंख्य कुळे कायद्याने मालक मानली गेली. परंतु याच कायद्याच्या कलम ४३-क ने महानगरपालिका व नगरपालिका यांच्या हद्दीतील जमिनी या खरेदीच्या कलमांतून वगळल्या. पुणे महानगरपालिका तर १९५० सालीच स्थापन झाली होती. परिणाम असा झाला की, हद्दीबाहेरचे कूळ मालक झाले आणि हद्दीच्या आतले कूळ कूळच राहिले. दोघांचे पीक एक, बाजार एक. दैव मात्र निराळे.

पुढे २०१७ साली ११ व २०२१ साली २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. तेथील कुळास १९५७ साली लाभलेला हक्क केवळ हद्द वाढली म्हणून बुडत नाही. परंतु तो कागदाने सिद्ध करावा लागतो. खरेदीचा निकाल झाला आहे काय, कलम ३२-म चे प्रमाणपत्र पेटीत आहे काय, हे ज्याने-त्याने आजच पाहावे.

नोंदीचे मोल नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानेही दाखवून दिले. १९७६ चा हा कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला. तो असताना शेतजमिनीस सूट होती; पण त्यासाठी कायदा लागू होण्यापूर्वीच्या महसुली दप्तरात ती शेती म्हणून नोंदलेली असावी लागे, आणि शहराच्या आराखड्यात तिचा उपयोग दुसरा दाखविलेला नसावा लागे. पिढ्यान्‌पिढ्या मळा केला, एवढे सांगून भागत नसे.

आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. नगरभूमापन झाले की सातबाराच्या जागी मिळकत पत्रिका येते, आणि तिच्यावर पिकाचा रकाना नसतो. म्हणून सातबारा चालू आहे तोवर प्रत्येक हंगामात पिकाची नोंद झालीच पाहिजे. २०२१ पासून ई-पीक पाहणीने ती शेतकऱ्यास स्वतः मोबाइलवर करता येते. घरातील कर्ता निवर्तल्यास ३ महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावे व सर्व वारसांची नावे लावून घ्यावीत. मुलीचे नाव गाळू नये. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच हक्क दिला आहे. राणोजींची रीत आता पुरे झाली.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. आपल्यांतील कित्येक आज कुळे नाहीत, मालक आहेत. स्वतः न कसता ते परगावच्या गरीब माणसास तोंडी बोलीवर जमीन देतात. ना करार, ना खंडाची पावती. उद्या गिऱ्हाईक आले की उभ्या कोथिंबिरीवर नांगर फिरतो आणि त्या माणसाने केलेला बी-खताचा खर्च मातीत जातो. कूळ मालक होऊन बसेल, ही भीती बोलून दाखविली जाते. परंतु ज्या कलमाने आपल्या आजोबांस मालकी मिळू दिली नाही, तेच कलम आज हद्दीतील मालकास ते भय ठेवीत नाही. मग निदान मुदत, खंडाची रक्कम व उभे पीक काढून नेण्याचा हक्क, एवढे तरी लेखी देण्यास काय हरकत आहे? जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या, पण लिहून द्या. जे आपल्या वाडवडिलांस मिळाले नाही, ते दुसऱ्यास नाकारण्यात आपली शोभा नाही.

संघास आमची एकच विनंती आहे. महिन्यातील एका रविवारी समाजातील शिकलेल्या मुलामुलींनी कार्यालयात बसावे आणि वडीलधाऱ्यांचे सातबारे, फेरफार व पावत्या त्यांना वाचून दाखवाव्यात. चूक आढळल्यास अर्ज लिहून द्यावा. यास वर्गणी लागत नाही. अक्षरओळख असलेली माणसे व थोडा वेळ लागतो, आणि आपल्या समाजात या दोहोंचीही वाण नाही.