वचन पाठ झाले, पुढे काय?





आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षानुवर्षे एक गोष्ट घडते. आठ-नऊ वर्षांचे लेकरू नाताळच्या नाटकात मेंढपाळ होते, वचने धडाधड म्हणते, बक्षीस घेऊन जाते. तेच तेराव्या वर्षी मागच्या बाकावर सरकते आणि पंधराव्या वर्षी बाहेर दुचाकीवर बसून उपासना संपायची वाट पाहते. आपण मोबाईलला दोष देऊन मोकळे होतो. माझे म्हणणे वेगळे आहे. आपण त्याला उत्तरे देत राहिलो आणि त्याचे प्रश्न ऐकायचे राहून गेले.

लोकांना आवडणाऱ्या रूपातून सुवार्ता सांगणे आपल्याला नवे नाही. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांना पुराणांची गोडी होती. त्यांना तसेच काही हवे होते, म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. आजच्या पोरांची गोडी सिनेमात, रीलमध्ये, फुटबॉलमध्ये आहे. तिथे जायला आपण का बिचकतो?

आज नेसरीत जमलो आहोत, तर इथूनच सुरुवात करू. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी इथेच शिवाजी महाराजांचे सरनौबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे आणि लतादीदींच्या स्वरामुळे ही कथा घराघरांत पोचली. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या याच खानाला प्रतापरावांनी जाऊ दिले होते. खान उलटला आणि महाराजांचे कानउघाडणीचे पत्र आले, ते प्रतापरावांच्या जिव्हारी लागले, असे बखरी सांगतात. हा आपलाही इतिहास आहे, या शौर्यापुढे आपलाही माथा झुकतो.

पण वर्गात मुलांना विचारा, शत्रूला सोडणे चूक होते का? येशू तर वैऱ्यावरही प्रीती करायला सांगतो. मग वैऱ्याने फसवले तर? आणि वडीलधाऱ्याचा शब्द जिव्हारी लागला तर माणसाने काय करावे? एवढे बोलून झाले की योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवट वाचा. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला समुद्रकाठी तीनदाच विचारणा होते आणि मेंढरे त्याच्याच हवाली केली जातात. सेनापतीचे रणांगण आणि दहावीचा निकाल एका मापाने मोजायचे नाहीत. तरी मार्क कमी पडले म्हणून बापाची बोलणी खाल्लेल्या पोराला एवढे कळायलाच हवे की चुकल्यानंतरही परतीची वाट असते. मात्र हे तात्पर्य तुम्ही सांगू नका. ते त्याचे त्याला सापडू द्या.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा सिनेमा दाखवा. शेवटी, जातीवरून हिणवल्या गेलेल्या जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. मग योहानाच्या आठव्या अध्यायातली, दगड घेऊन उभी राहिलेली गर्दी वाचा. मुले विचारतील, आपण कोणत्या बाजूला? जात बघून सोयरीक जुळवणाऱ्या आपल्या मंडळ्यांना तेव्हा उत्तर द्यावे लागेल. अवघड प्रश्न आपल्यावरही उलटणार, याची तयारी असेल तरच हा वर्ग घ्या. आणि दिसेल त्या सिनेमात ओढूनताणून येशू शोधू नका. मुलांना ती चलाखी लगेच कळते.

सिनेमाइतकेच मैदान आणि शेतही कामाचे. गडहिंग्लजच्या फुटबॉलचे वेड सगळ्यांना ठाऊक आहे. चेंडू हाताला लागला, रेफ्रीने पाहिले नाही. खेळाडूने स्वतःहून हात वर करायचा का? सत्यावर तासभर बोलण्यापेक्षा हा एक क्षण जास्त शिकवतो. वर्गातल्या मुलीचा फोटो ग्रुपवर आला. तो पुढे पाठवायचा, की पाठवणाऱ्याला तोंडावर ‘हे बरोबर नाही’ म्हणायचे? शेजाऱ्यावरच्या प्रीतीची आजची परीक्षा हीच.

आपल्याकडे इरजिकीची रीत आहे. अडलेल्याच्या शेतात सगळ्यांनी मिळून राबायचे. तरुण संघाने मंडळीबाहेरच्या एखाद्या अडलेल्या घरासाठी एक दिवस राबावे आणि संध्याकाळी, अंग दुखत असताना, चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत वाचावा. आधी काम, मग वचन.

शिक्षकांनो, येत्या रविवारपासून वर्गाचा निम्मा वेळ मुलांना बोलू द्या. पालकांनो, जेवताना मोबाईल बाजूला ठेवा, आणि आधी स्वतःचा ठेवा. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे मुलांच्या देखत परत करा. पाळकांनो, बाहेर दुचाकीवर बसलेल्या पोराला उपदेश करायच्या आधी काल कोणती मॅच पाहिली ते विचारा. एवढे जरी आपण केले, तरी आजचे जमणे सार्थकी लागेल.

जय ख्रिस्त!