तापीकाठच्या कथा आणि ग्रंथालयाचे कपाट



‘जगातील पुराणकथा’ हा विषय आपण मला दिलात. प्रथेप्रमाणे ऑलिंपस पर्वतापासून आरंभ करावयास हवा. पण पांडेसऱ्यात उभे राहून तापीला वगळून ग्रीसला जाणे प्रशस्त वाटत नाही.

प्राचीन इजिप्तने नाईलच्या पुराला हापी नावाचा पुरुषदेव मानले. ग्रीकांच्या नद्याही ओकेआनोसचे पुत्र. आपल्याकडे शोण, ब्रह्मपुत्र असे अपवाद सोडले तर नदी ही कन्या किंवा माता. तापी ही सूर्यकन्या. महाभारताच्या आदिपर्वात तपती ही संवरण राजाची राणी, कुरूची माता आहे. म्हणून तर गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये ही सूर्यकन्या सुरत शहरात शिरली, तेव्हा मनूची नौका आणि नोहाचे तारू माणसाला का सुचले असेल, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आपली माणसे पोटासाठी यंत्रमागांवर आणि कापडगिरण्यांत आली, ती याच नदीच्या प्रवाहाच्या दिशेने. येताना त्यांनी कानबाई आणली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला देवीचे रूप देऊन स्थापना, रोटांचा नैवेद्य, रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी विसर्जन. खोली कितीही लहान असो, रोट कुळातल्यांनीच खायचे हा दंडक. त्या निमित्ताने पांगलेले भाऊबंद एकत्र येतात. समाजशास्त्राचे जाड ग्रंथ ज्याला मोठमोठी नावे देतात, ते काम हा रोट बिनबोभाट करतो.

ही गाणी मात्र बव्हंशी ओठांवरच आहेत. फिनलंडमध्ये एलिआस ल्योनरोट या वैद्याने खेडोपाडी हिंडून लोकगीते उतरवून घेतली, त्यातून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ सिद्ध झाले. इतके दूर तरी कशाला? बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी टिपून ठेवले म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ती गाणी पुस्तकरूपाने आपल्या हाती आली.

येथे जन्मलेली मुले घरी अहिराणी ऐकतात, बाहेर हिंदी-गुजराती बोलतात. आजी गेली की कडवेही जाते. ग्रंथालयास माझी विनंती आहे की एक कपाट यासाठी रिकामे ठेवावे. येत्या श्रावणात दोन-चार सभासदांनी वही आणि ध्वनिमुद्रणाचे साधन घेऊन जागरणाला बसावे. गाणारीचे नाव, गाव, गाणे कोणाकडून शिकली, हे आधी लिहावे. अहिराणी शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नयेत. आणि जेवून जावे. भाऊबंद नसाल तर रोट मिळणार नाही.