यंदा कोयता न्या, पोर नेऊं नका
(अंबड तालुक्यांतील पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



दिवाळी जवळ आली कीं मुकादम दारीं येतो, उचल हातीं पडते आणि गाडींत भांडींकुंडीं चढतात. त्यांवर शेवटीं बसतें तें पोर. त्या दिवसापासून आमच्या हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें जी गैरहजेरी लागते, ती पार गुढीपाडव्यापर्यंत. तेवढ्यांत शिकलेलें विसरतें. परतल्यावर वर्गांत बसायची लाज वाटते. मग एके वर्षीं तें पोर स्वतःच कोयता उचलतें.

आम्ही ठपका ठेवावयास उभे नाहीं. पाऊस दगा देतो, कोरडवाहू रानांत पोट भरत नाहीं, हें आम्ही जाणतों. फडावर मुलगी तान्हें भावंड सांभाळते, मुलगा वाढें गोळा करतो, तेवढाच हातभार लागतो, हेंही जाणतों. पण तो हातभार किती महाग पडतो, तें पाहा. ऊस तोडतां तुम्ही; वजन करतो दुसरा, वहींत लिहितो दुसरा, आणि हंगामाअखेर उचल फिटली नाहीं असें सांगणाराही दुसराच. ज्या घरांत टनाचा हिशेब मांडणारी लेक आहे, त्या घरास फसविणें सोपें नाहीं.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें: सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामानें, आणि विद्या मिळते वरच्या वर्गास. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा, अशी त्यांची मागणी होती. ती देशभर कायद्यांत उतरण्यास २००९ साल उजाडावें लागलें. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें, तेव्हां मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धां मोडलें. गरिबाच्या पोरास शाळेइतकीच भाकरीची व निवाऱ्याचीही गरज असते, हें त्या माउलीनें ओळखलें होतें.

आज तो निवारा मागण्याचा मार्ग आहे. आपल्या जिल्ह्यांत गांवोगांवीं हंगामी वसतिगृहें चाललीं आहेत. आईबाप फडावर, पण मूल आपल्याच गांवीं, आपल्याच शाळेंत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना २०२१ सालीं निघाली, तींतही जालना जिल्हा आहे. म्हणून गाडी भरण्यापूर्वीं मुलाचें नांव शाळेंत सांगा. न्यावेंच लागलें, तर शाळेंतून शिक्षण हमी पत्रक घेऊन जा. दाखला नाहीं म्हणून तिकडच्या शाळेस प्रवेश अडवितां येत नाहीं, असा कायदा आहे.

आतां मागें राहणाऱ्यांस दोन शब्द. शाळा व्यवस्थापन समितींत शेंकडा ७५ सभासद पालक असतात, व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. ती समिती कागदावर झोपूं देऊं नका. वसतिगृहाचा अर्ज वेळेवर गेला कीं नाहीं, ताटांत काय पडतें, मुलींच्या खोलीस कडी आहे कीं नाहीं, हें तिनें पाहावें. दहावी-बारावी झालेल्या प्रत्येक तरुणानें दोन मुलें आपलीं मानावीं. रोज संध्याकाळीं तासभर त्यांच्याजवळ बसून वाचन घ्यावें, हिशेब घालावे, आणि मूल दोन दिवस दिसलें नाहीं तर त्याच्या आजीच्या दारीं जावें. सुतारानें मोडका बांक सांधावा, शिंपिणीनें उसवलेला गणवेश शिवावा, वरच्या वर्गांतल्यांनीं जुनीं पुस्तकें खालच्यांस द्यावीं. यांस पैसा फारसा लागत नाहीं. पोर आपलें आहे एवढें वाटावें लागतें.

जातीचा विचार येथें कोणी काढूं नये. फडावरच्या पाचटाच्या खोपींत थंडी सर्वांनाच सारखी लागते.

गाड्या निघण्यास थोडेच दिवस उरले आहेत. ज्यांस जायचें आहे, त्यांनीं आज सभा संपतांच आमच्याकडे नांवें लिहवावीं. पाटी-दप्तर येथेंच ठेवून जा. तें सांभाळणें आपणां सर्वांचें काम आहे.