यंत्राला आकडा कोण देतो?

दिवाळीच्या सुमारास धरणगावला आलात, तर जिनिंग फॅक्टरीच्या फाटकाबाहेर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग दिसेल. रस्त्याकडेच्या बाभळींना उडालेला कापूस लागलेला असतो. फाटकाच्या आत जे यंत्र चालते, त्याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

जिनचे काम सांगायला सोपे आहे. कापसातली रुई एकीकडे काढायची, सरकी दुसरीकडे. शंभर किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकीच. आमच्या गावाला हे यंत्र नवे नाही. १८५५ साली सरकारने धरणगावात करवती जिनांचा कारखाना काढला होता. एली व्हिटनी या अमेरिकन माणसाने १७९४ साली ज्याचे पेटंट घेतले, त्या जातीचे हे जिन. करवतीचे दात रुई ओढतात तेव्हा तंतू तुटण्याचा धोका असतो. आपल्याकडे रुळला तो रोलर जिन. त्यात कातडी रोलर रुईला धरून ओढतो, रोलरला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते आणि खालीवर हलणारी दुसरी सुरी ती सरकी झटकून टाकते.

माझे वडील अशाच एका जिनमध्ये फिटर होते. त्यांच्यापाशी मीटर वगैरे काही नव्हते. चालत्या जिनच्या अंगावर ते तळहात ठेवायचे, क्षणभर कान द्यायचे आणि म्हणायचे, ‘नऊ नंबरचा रोलर घासला रे.’ उघडून पाहावे तर खरेच रोलरवरचे चर बुजत आलेले असायचे.

पुढे शिकायला बाहेर पडलो तेव्हा ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द भेटला. जपानच्या यास्कावा कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ साली तो घडवला. मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची ही सोयरीक. शब्द भारदस्त आहे, पण आतला अर्थ तीन क्रियापदांत सांगता येतो : जाणणे, ठरवणे आणि करणे. वडिलांचा हात जाणायचा, डोके ठरवायचे आणि पाना काम करायचा. आता जाणण्यासाठी सेन्सर आले, ठरवण्यासाठी पॅनेलमधला लहानसा संगणक आला आणि करण्यासाठी मोटारी व झडपा आल्या.

जिनमधलेच उदाहरण घ्या. कापूस फार पडला तर जिन तुंबतो, कमी पडला तर रिकामा फिरतो. जिनवर भार वाढला की त्याची मोटार जास्त वीज ओढते. ती वीज सतत मोजायची, वाढली तर कापूस सोडणाऱ्या फीडरचा वेग कमी करायचा, घटली तर वाढवायचा. परिणाम पाहून पुन्हा दुरुस्ती, हे दिवसभर चालू. भाकरी भाजणारी बाई तव्याचा अंदाज घेत चुलीतले लाकूड आतबाहेर करते, तेच हे तंत्र.

काही कामे तर माणसाच्या आवाक्याबाहेरचीच आहेत. कापसात खिळा किंवा खडा आला की लोखंडावर घासून ठिणगी पडते. ही ठिणगी रुईत शिरून गाठीच्या पोटात दिवसेंदिवस धुमसत राहू शकते, आणि मग गोदाम पेटते. हवेच्या नळीतून धावणारी ठिणगी डोळ्याला दिसत नाही. सेन्सर ती क्षणार्धात ओळखतो आणि झडप फिरवून तेवढी रुई बाहेर टाकतो. जिनची आग पाहिलेला कोणताही माणूस या यंत्राला नावे ठेवणार नाही.

२००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केले. जिनिंग-प्रेसिंगचे आधुनिकीकरण हा त्याचा एक भाग होता. कापूस हवेने ओढणारे पाइप, आपोआप चालणारे फीडर, रुईला ओलावा देणारी यंत्रे आणि मोठे हायड्रॉलिक प्रेस असा सरंजाम त्या काळात जिनांमध्ये येऊ लागला.

आता या ओलाव्याचीच गोष्ट सांगतो. रुई फार कोरडी असली तर नीट दबत नाही, म्हणून गाठ बांधण्यापूर्वी तिला थोडा ओलावा देतात. किती द्यायचा, तो आकडा माणूस पॅनेलवर भरतो. यंत्र तो आकडा इमानाने पाळते. पण गाठ १७० किलोची. ओलावा एक टक्का जास्त ठेवला, तर एका गाठीत १.७ किलो पाणी गेले. शंभर गाठींत १७० किलो, म्हणजे अख्खी एक गाठ पाण्याची! इकडे हमीभावाच्या खरेदीत शेतकऱ्याच्या कापसात ८ टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांवर गेला की माल परत. पाणी तेच; एकाचे पैसे कापते, दुसऱ्याचे वजन वाढवू शकते. यात यंत्राचा दोष काहीच नाही. आकडा देणाऱ्याच्या मनात काय आहे, हे त्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. आमच्या गल्लीतल्या काकू-मावश्या तोंडाला पदर गुंडाळून, कापसाच्या पाट्या डोक्यावर घेऊन जिनला घालायच्या. रात्री खोकत झोपायच्या. पाइप आले, तो खोकला गेला याचा आनंदच आहे. पण हंगामाची मजुरीही गेली. त्यांच्यातल्या एकीलाही पॅनेलसमोर बसवून ‘हा दिवा लागला की याचा अर्थ असा’ असे कुणी शिकवल्याचे मी पाहिले नाही.

आणि तिसरी गोष्ट. एका जिनमध्ये ऐन हंगामात पॅनेल बंद पडले. प्रोग्रॅमची प्रत गावात नव्हती. बाहेरगावचा इंजिनिअर येईपर्यंत तीन दिवस गेले. रांगेतले शेतकरी ट्रॅक्टरखाली झोपले. वडील तेव्हा निवृत्त झाले होते. ते जाऊन आले. जिनवर हात ठेवला, पॅनेलकडे पाहिले आणि म्हणाले, ‘जिन तर चांगला आहे. याचे दुखणे मला ऐकू येत नाही.’ इतका हतबल झालेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की यंत्राबरोबर त्याची विद्याही गावात उतरली पाहिजे. पॅनेलचा नकाशा आणि प्रोग्रॅमची प्रत मालकाच्या कपाटात असावी. आयटीआयच्या मुलांनी हंगामाचा एक महिना जिनमध्ये काढावा. पाट्या वाहणाऱ्या बायांच्या मुलींना त्यात आधी जागा मिळावी. आणि जुने फिटर आहेत तोवर, रोलर घासल्यावर आवाज कसा बदलतो, हे त्या मुलांनी त्यांच्या शेजारी उभे राहून शिकून घ्यावे. पुढे कुणी त्या आवाजासाठी सेन्सर बसवील, तेव्हा बरोबर आवाज कोणता, हे सांगणारा माणूस लागेलच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)